ओकिनावाचा झेंडा

राजाच्या वाढदिवसाला रॉटरडॅममध्ये जो तो घरातली अडगळ फुटपाथवर मांडून विकायला बसतो. नारिंगी टोप्यांच्या त्या गर्दीत विशाखाला आधी दिसली तिची स्वतःचीच जुनी साडी. सुती, बारीक काठाची, अर्धी फाडलेली. त्या साडीवर झेंडा पसरला होता. एका बाजूला लेगोचा डबा, दुसऱ्या बाजूला पोरांचे स्केट्स. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झेंडा जपानी होता. लाल गोळ्याभोवती शाईने लिहिलेली नावं, कोपऱ्यात तपकिरी डाग. वरच्या मजल्यावरच्या हेंड्रिक आजोबांनी तो ओकिनावाच्या लढाईत एका मेलेल्या शिपायाच्या सदऱ्यातून काढला होता. अमेरिकेत वाढलेलं हे डच पोर अठराव्या वर्षी तिथल्या मरीन दलात शिरलं होतं, आणि त्या शिपायाला गोळी त्यानेच घातली होती. शिपायाची धाकटी बहीण अजून जिवंत आहे, हे या हिवाळ्यात कळलं. भावाचं हाडसुद्धा तिच्याकडे पोचलं नव्हतं. मी जायच्या आत झेंडा तिच्या हातात पडू दे, एवढंच आजोबांचं मागणं होतं.

विशाखाने तो आपल्या साडीत गुंडाळला आणि पाठवायला निघालीच होती. तेवढ्यात आजोबांना वृद्धाश्रमात हलवायला आलेला नातू, रुबेन, म्हणाला, "मी पाठवतो, आमच्या घरचं काम आहे." दुसऱ्यांच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं, म्हणून तिने देऊन टाकला. भिडस्तपणा नडला.

"पाठवणार होतास ना?" तिने साडीमागे विकायला बसलेल्या रुबेनला डचमध्ये विचारलं.

रुबेनने खांदे उडवले. "गिऱ्हाईक मिळालंय."

शेजारी एक जाडा माणूस पाकीट काढून उभाच होता. विशाखा त्याच्याकडे वळली. "मेलेल्या पोराच्या अंगावरून काढलाय हा. हा डाग त्याच्या रक्ताचा आहे." तो लाजेल, मागे सरेल, असं तिला वाटलं होतं.

माणसाने वाकून डाग निरखला. "खरं रक्त?" मग रुबेनला म्हणाला, "तर मग दुप्पट देतो."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे ती ऐकून होती. तिने साडीची चारही टोकं उचलली आणि झेंडा बगलेत मारला. पोलिसांना बोलावतो, असं रुबेन म्हणाला.

"बोलव. वृद्धाश्रमात पाठव त्यांना, मी तुझ्या आजोबांपाशी बसलेली असेन."

सोबत आलेल्या नवऱ्याने, अभिजितने, तिचं कोपर धरलं. "विशाखा, लोक बघतायत."

"बघू देत. हात सोड माझा."

वृद्धाश्रमात आजोबा खिडकीशी बसले होते. तिने काही लपवलं नाही. ते नातवाला शिव्या घालतील, असं तिला वाटलं. घालायलाच हव्या होत्या. आजोबांनी डागावर तळवा ठेवला.

"गिऱ्हाईक किती देणार होतं?"

तिने आकडा सांगितला.

"मी तर फुकट उचलला होता," ते म्हणाले. "त्या शिपायाची आई तुझ्यासारखी समोर उभी असती, तरी उचलला असता. लढाईची आठवण म्हणून."

इतक्या वर्षांत विशाखाला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. आज सगळं बंद होतं, टपालही. तिने झेंडा त्यांच्या हाताखालून ओढून घेतला आणि पुन्हा साडीत गुंडाळला.

"उद्यापर्यंत हा तुमच्याकडेही नको," ती म्हणाली.