घनसाळचं पान

मोना पोवारचं पान सकाळी होतं आणि दुपारी नव्हतं. त्या जागी एक राखाडी चौकट आली होती, ‘प्रताधिकार भंगामुळे मजकूर वगळला आहे. पुन्हा असे केल्यास खाते बंद होईल.’ खाली पुण्यातल्या एका प्रचालकाचं नाव.

दानेश्वरीनं ती चौकट कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाचली आणि कपाळाला हात लावला. चौकटीत चूक काहीच नव्हतं. पण पान उडालं की माणूस उडतो, हे तिला आता पाठ झालं होतं.

दोन हजार आठ साल होतं. इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश मराठीत तेव्हा कुठं बाळसं धरत होता. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करावं, आणि देखरेखीला काही प्रचालक, असा त्याचा कारभार. दानेश्वरी कोरी मूळची गडहिंग्लजकडची. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि पोटापाण्याला कोल्हापुरातल्या एका कॉलेजची ग्रंथपाल. रविवारी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती नव्या लोकांना कोशावर लिहायला शिकवायची, फुकट. लोक हौसेनं यायचे, कुठल्यातरी पुस्तकातलं पानभर उतरवायचे, प्रचालक ते उडवायचे, आणि पुढच्या रविवारी ती खुर्ची रिकामी. मोनाची खुर्ची रिकामी होऊ द्यायची नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. आणि उतरवलेलं पानही परत येऊ द्यायचं नाही. दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मात्र तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती बस धरून कळंब्याला गेली. तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर मोनाच्या नवऱ्याचं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. नवरा बाहेरची कामं बघायचा आणि दुकान मोना चालवायची. तिची बोटं कीबोर्डवर अशी चालायची की गिऱ्हाईक बघत उभं राहायचं.

“मॅडम, मी काय चोर हाय काय?” मोनानं पाणीही विचारलं नाही.

“तसं कोण म्हणालं?”

“म्हणायचं काय ऱ्हायलंय? अख्ख्या जगापुढं लिवलंय की. गुरुजींचं पुस्तक मी काय लपवून घेतलं न्हाय. खाली नाव घातलंय, गुंडू चौगले गुरुजी म्हणून.”

चौगले गुरुजी म्हणजे मोनाचे शाळेतले मास्तर. राधानगरीच्या अलीकडं तिचं माहेर. गुरुजींनी तिथल्या भाताच्या जुन्या जातींवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, पदरच्या पैशानं छापलं होतं आणि भेटेल त्याच्या हातात दिलं होतं. घनसाळ, काळा जिरगा, रायभोग. संकरित बियाणं आलं तशी ही नावं शेतातून जात चालली, आणि गुरुजीही जाऊन काही वर्षं झाली होती. मोनानं त्यातलं घनसाळचं सगळं प्रकरण जसंच्या तसं टाइप करून कोशावर चढवलं होतं.

“नाव घातलंस ते चांगलंच केलंस,” दानेश्वरी स्टुलावर बसत म्हणाली. “कुठून घेतलं ते कळलं. पण घ्यायची परवानगी त्यानं मिळत नाही. शेजारणीची म्हैस पिळायची आणि किटलीवर शेजारणीचं नाव लिहायचं, म्हणून ते दूध आपलं होतं का?”

मोनाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. “आमचा धंदाच झेरॉक्सचा. आमच्याकडं सगळं जग पुस्तकं घिऊन येतंय.”

“एकानं आपल्यापुरतं पान काढणं वेगळं. कोशावर टाकलं की ते सगळ्यांचं होतं. कुणी वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा. दुसऱ्याची वस्तू आपण अशी वाटून कशी टाकायची? लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा असतो.”

“वारस म्हंजे काकी. गुरुजींच्या बाई, अंबूबाई.” मोना सरळ झाली. “मग परवानगीच आणूया की. काकी मला न्हाय म्हणायच्या न्हाईत.”

पुढच्या रविवारी क्लासला सुट्टी देऊन दोघी रंकाळा स्टँडवरून राधानगरीच्या एस.टी.त बसल्या. परवानगीचा मजकूर दानेश्वरीनं टाइप करून आणला होता. सही झाली की काम सोपं होतं. पान जसंच्या तसं परत येणार, मोना खूश, प्रचालक गप्प.

अंबूबाई सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मोनाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. गुरुजींचं लिखाण कॉम्प्युटरवर साऱ्या जगाला वाचायला मिळणार, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. पुस्तकाची छपाईसाठीची प्रत त्यांनीच स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली होती.

“कुठं करायची सही?” त्यांनी पेन घेतलं. “चष्मा आत हाय, पर तू म्हणतीस तर वाचायचं काय त्यात.”

मोनानं बोट ठेवून जागा दाखवली. पेन कागदाला टेकणार एवढ्यात दानेश्वरी बोलली. न बोलता चाललं असतं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, बाई सज्ञान होत्या, कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

“काकी, आधी ऐकून घ्या. एकदा दिलं की परत घेता येत नाही. आणि गुरुजींचे शब्द तिथं जसेच्या तसे राहतील असं नाही. कुणीही त्यात बदल करू शकतो. चार वाक्यं काढेल, दोन घालेल.”

अंबूबाईंचा हात थांबला. “कोण बदलंल?”

“कुणीही. आपल्याला ठाऊकही नसलेला माणूस.”

“मग न्हाय.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “एकेका वाक्यासाठी त्यांनी चार-चार दिस घातल्यात. वरच्या आळीला जाऊन म्हाताऱ्यांना इचारून यायचं, मग लिवायचं. त्यावर उद्या कोण पण हात चालवणार? त्यांच्या शब्दाला हात लावायचा न्हाय, मोना.”

चहा झाला. दोघी उठल्या.

परतीच्या गाडीत मोना खिडकीकडं तोंड करून बसली होती. परिते मागं पडल्यावर तिचा बांध फुटला. “काय गरज हुती वो मॅडम? सही करत हुत्या की.”

“न कळता केलेली सही घेऊन काय करायचं?”

“तुमचं नियमाचं झालं. माझं पान गेलं त्येचं काय?”

“पान गेलं नाही. गुरुजींचं लिखाण गेलं. पान तुला लिहायचंय.” दानेश्वरीनं पिशवीतून पुस्तक काढलं. “घनसाळ उशिरा पिकतो, पाणी कुठलं लागतं, एकरी उतारा कमी का, ही माहिती आहे. ती कुणाच्या मालकीची नसते. गुरुजींची मालकी आहे ती त्यांच्या मांडणीवर, शब्दांवर. माहिती घ्यायची, आपल्या शब्दांत सांगायची, आणि कुठं वाचली ते पानाच्या आकड्यासकट खाली लिहायचं.”

“मला न्हाय येत लिवायला. मला टायपाय येतंय.”

“मग शिकू.”

मोनानं पुस्तक हातात घेतलं नाही. पण रविवारी ती क्लासला आली. दाराशी चपला काढताना म्हणाली, “एकदा बघतो करून. न्हाय जमलं तर परत बोलवायचं न्हाय.”

पहिल्या दिवशी तिनं पुस्तक समोर ठेवलं आणि वाक्यावाक्यातला एकेक शब्द बदलला. ‘शेत’ होतं तिथं ‘रान’, ‘सुगंध’ होता तिथं ‘वास’. दानेश्वरीनं पान वाचलं आणि तिच्यापुढं सरकवलं. “हे गुरुजींचंच आहे. नुसतं लुगडं बदललंय.” मोनाचा चेहरा उतरला, पण तिनं पान खोडलं. मग दानेश्वरीनं पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवलं. “मी कन्नड घरातली. मला घनसाळ म्हणजे काय ठाऊक नाही. सांग.”

मोना सांगत गेली. आधी अडखळत, मग तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. सांगितलेलंच तिनं टाइप केलं, कोशाला शोभेल असं ताठ केलं, आणि मग पुस्तक उघडून प्रत्येक गोष्ट ताडून बघितली. एके ठिकाणी तिची माहिती चुकलेली निघाली. एके ठिकाणी गुरुजी आणि कृषी खात्याचा जुना अहवाल यांचं जुळेना. तो अहवाल दानेश्वरीनं दुसऱ्या ग्रंथालयातून मागवला होता.

“आता कुणाचं खरं?” मोनानं विचारलं.

“ते ठरवणारे आपण कोण? दोघांचं लिहायचं. हे गुरुजी म्हणतात, हे अहवाल म्हणतो.”

खरं भांडण झालं ते काळ्या जिरग्यावरून. त्याचा उल्लेख पानाच्या शेवटी येत होता. बाळंतिणीला काळ्या जिरग्याची पेज देतात, ही ओळ मोनानं घातली आणि दानेश्वरीनं संदर्भ मागितला.

“माझ्या आईनं मला दिलीया. ह्येज्यापेक्षा मोठा संदर्भ काय आणू?”

“तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण वाचणाऱ्याला तुझी आई कुठं भेटणार? त्याला जाऊन तपासता आलं पाहिजे.”

“छापलेलं तेवढं खरं आणि बायकांचं खोटं व्हय?”

 दानेश्वरीच्या अव्वाला, म्हणजे आईला, ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. “खोटं नाही,” ती म्हणाली, “अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही. आज ती ओळ काढ. सापडली की घालू.” मोनानं ओळ काढली. कळ इतक्या जोरात दाबली की क्लासवाला वळून बघायला लागला.

दरम्यान दानेश्वरीनं पुण्याच्या प्रचालकाला लिहिलं होतं, ‘पान वगळलंत ते योग्यच. पण आता काय करायचं आणि कुणाला विचारायचं, एवढं चौकटीत सांगितलं असतं तर बाईला चोर ठरल्यासारखं वाटलं नसतं.’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘चौकटीचा मजकूर तुम्हीच लिहून द्या.’ तिनं दिला. ‘आपले स्वागत आहे’ पासून सुरू होणारा.

पाऊस उघडून भातं निसवून लोंब्या टाकायला लागली तेव्हा मोनाचं पान तयार झालं. चढवण्याआधी अंबूबाईंना दाखवायचं, हे मोनानंच ठरवलं. “न्हाय म्हणाल्या त्या. तरी पुस्तक त्यांचंच हाय,” ती म्हणाली.

या खेपेला अंबूबाईंनी चष्मा लावला. सोप्याच्या उजेडात त्यांनी छापून आणलेली पानं सावकाश वाचली. दोघी त्यांच्या ओठांकडं बघत बसल्या.

“हे त्यांचं न्हाय,” शेवटी त्या म्हणाल्या.

“न्हाय काकी. माझं हाय.”

“चांगलं हाय. रोखठोक हाय. तुझ्यासारखं.” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “पर हे वाक्य त्यांचं हाय. ‘घनसाळ फुलोऱ्यावर आला की बांधावरून जाणाऱ्याची पावलं आपोआप हळू होतात.’ माझ्या हातानं उतरवलंय मी.”

मोनानं दानेश्वरीकडं बघितलं. दानेश्वरीनं पुस्तक काढून चाळलं. वाक्य होतं, शब्दाला शब्द. मोनाच्या तोंडात ते लहानपणापासून बसलेलं, आणि पुन्हा-पुन्हा तपासूनही दानेश्वरीच्या नजरेतून निसटलेलं.

“चुकलं काकी,” मोना म्हणाली. “काढतो मी. आत्ता काढतो.” तिनं पेन काढून ओळीवर रेघ मारायला घेतली.

“थांब,” दानेश्वरी म्हणाली. “आणखी एक वाट आहे. एखाद-दुसरं वाक्य अवतरणात घालून, लेखकाचं नाव देऊन ठेवता येतं. काकी, अवतरणातले शब्द लेखकाचे म्हणून असतात. ते बदलायचे नसतात. कुणी बदललेच तर आम्ही परत जसेच्या तसे करतो. पुस्तक हाताशी असतंच.”

“कोण करंल परत?”

“मी करीन,” मोना म्हणाली. “रोज दुकान उघडलं की पयलं ते पान बघतो.”

अंबूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.  “मग तेवढं एक ऱ्हाऊ दे. त्यांच्या नावानं.”

मोनानं ओळीच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं काढली आणि गुरुजींचं पूर्ण नाव लिहिलं. अंबूबाईंनी ते नीट वाचून बघितलं आणि मगच कागद सोडला.

पान चढलं आणि राहिलं. मोना रविवारी येत राहिली. नव्या माणसानं काही उतरवून आणलं की त्याच्या शेजारी बसून पुस्तक मिटायचं काम आता ती करायची, दानेश्वरीपेक्षा कडक आवाजात. दुकानात येणाऱ्या कृषी कॉलेजच्या पोरींना ती प्रबंधाचा विषय विचारायची. दिवाळीच्या आसपास एक पोरगी म्हणाली, भाताच्या जुन्या जाती. मोनानं झेरॉक्स मशीन बंद केलं, तिला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, “काळ्या जिरग्याच्या पेजंबद्दल बायकांना इचारणार काय तू? माझी आई सांगंल. आसपासच्या गावातल्या पण सांगतील. पर नाव, गाव, तारीख सगळं नीट लिवायचं. मला ते संदर्भाला लागणार हाय.”