एर्मीच्या खोलीतला भाताचा कुकर

मित्रांनो, मी भात शिजवणारा विजेचा कुकर आहे. आता पुरता म्हातारा झालोय. झाकणाला पोचा आहे, आतल्या भांड्याचा काळा थर जागोजागी उडाला आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मी माणसांत आलो तो योग्याकार्ता शहरात, मार्सिहकाकूंनी मुलींना भाड्याने दिलेल्या घरात.

शिक्षण संपवून निघालेल्या एका मुलीकडून एर्मीने मला स्वस्तात घेतलं. एर्मी दूरच्या फ्लोरेस बेटावरची, परिचारिकेचं शिकत होती. घरून पैसे आले की आधी थोडे मातीच्या गल्ल्यात टाकायची, मगच खर्चाला हात लावायची. भात माझ्यात शिजे. कोपऱ्यावरच्या खानावळीतून ती फक्त भाजी नाहीतर तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणायची. माझं भांडं ती मऊ फडक्याने पुसायची, तेव्हा मला फार बरं वाटे.

शेजारच्या खोलीत वेनिंग आली. तिची आई वोनोसोबोच्या डोंगरात बटाटे पिकवायची. पोरगी गुणी, पण हात सैल. मैत्रिणींबरोबर कॉफी, फोनवरून मागवलेलं जेवण, आणि अर्धा महिना सरला की ठणठणाट. मग दोन्ही वेळा पाकिटातल्या नूडल्स. एका दुपारी ती चक्कर येऊन जिन्यातच बसली. एर्मीने तिला खोलीत आणलं आणि काही न विचारता माझं झाकण उघडलं.

"आईला कळवू नकोस ताई," जेवता जेवता वेनिंग म्हणाली. "तिला वाटतं, मी इथे पोटभर जेवते."

"मग जेव की पोटभर. उद्यापासून तुझे तांदूळही यातच टाक. आणि गल्ला आण एक."

"माझ्याकडे काही उरतच नाही गं."

"उरलं तर टाकू म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही बाई. आधी टाकायचं, मग उरेल त्यात भागवायचं."

वेनिंगने हत्तीच्या आकाराचा मातीचा गल्ला आणला. तिला लॅपटॉप घ्यायचा होता. ग्रंथालयातल्या संगणकापुढे रांग लावून ती कंटाळली होती. पहिले काही महिने कुरकुरली, एकदा हत्ती उलटा करून हलवलासुद्धा. मग सवय लागली. वर्षभरात हत्ती चांगला जड झाला.

अशात एके सकाळी एर्मीने तांदूळ धुतले, पाणी घातलं आणि माझं बटण दाबायला विसरली. असं कधी झालं नव्हतं. वेनिंग जेवायला आली, तर भांड्यात भिजलेले तांदूळ तसेच. तेव्हा कुठे एर्मीच्या तोंडून निघालं: आई अत्यवस्थ होती. बोटीने जाईपर्यंत फार उशीर झाला असता, विमानाला पैसे नव्हते, आणि तिचा स्वतःचा गल्ला परीक्षेच्या फीसाठी नुकताच फुटला होता.

वेनिंग उठली. पलीकडून मडकं फुटल्यासारखा आवाज आला. ओढणीत बांधलेले पैसे तिने एर्मीपुढे ठेवले. एर्मीने हात मागे घेतला.

"ताई, वर्षभर तुझ्याबरोबर जेवले. त्या दिवशी जिन्यातून उचललंस, तेव्हा तू हिशेब विचारलास का? मग आता मलाही विचारू नकोस. विमानाचं तिकीट काढ."

एर्मी वेळेत पोहोचली. आईने तिला ओळखलं, तिच्या हातून दोन घास पेज घेतली. अंत्यसंस्कार आटोपून ती परतली ती आईने वाळवून ठेवलेला मका घेऊन. तो भातात घालून तिने माझ्यात शिजवला. दोघी खाली बसून जेवल्या. त्या दिवशी मी जीव ओतून शिजवलं. वेनिंग पुढेही ग्रंथालयातल्या रांगेत उभी राहिली, पण तिने लॅपटॉपचं नावही काढलं नाही.

दोघी शिकून आपापल्या वाटेने गेल्या. आता मार्सिहकाकू माझ्यात कांदे ठेवतात. नव्या मुली मला हसतात. हसू देत.

मित्रांनो, तुमच्या खोलीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला लोखंडी चमच्याने खरवडू नका. घरून पैसे आले की आधी चार बाजूला काढा. कोणाच्या तरी आईपर्यंत वेळेत पोहोचायला ते लागतात. आणि महिनाअखेरीस शेजारचं दार बंदच दिसलं, तर टकटक करा. भात तयार आहे, एवढंच सांगा.