पारखीबाबाची लाल मूद

मठाबाहेर चपलांचा ढीग, आत माणसांचा. मधोमध पारखीबाबा आणि त्याच्यापुढं ताटात भाताची मूद, रक्तासारखी लालभडक.

"पाप्याच्या मुदीला रक्त फुटतं!" बाबा गरजला. "काल सगळ्यांच्या मुदींवर एकच तीर्थ शिंपडून झाकणं घातली. लाल झाली ती हिचीच!"

ही म्हणजे स्नेहल, देवळाली प्रवरेजवळच्या या गावात नांदायला आलेली झुंबरबाईची सून. तिचा गुन्हा एवढाच, की बाबाच्या अंगाऱ्यानं ताप जात नाही, असं ती चारचौघांत बोलली होती.

"असली सून माझ्या घरात नगं," झुंबरबाई कडाडली. "आजच माहेरी धाडते. कायमची!"

नवरा अजिनाथ मान खाली घालून उभा. मर्द गडी!

स्नेहल श्रीरामपूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. रडायचं सोडून तिनं मठभर नजर फिरवली. तिची मूद ठेवली होती रांजणाशेजारी, गारव्याला. बाकी सगळ्यांच्या धुनीजवळ, उबेला.

"जाते मी, आत्याबाई. पण उद्या. तोवर सगळ्या मुदी रांजणापाशी ठेवा."

"देवाची जागा हलवायची न्हाई!" बाबा ओरडला.

"का वं?" झुंबरबाई फणकारली. "माझी मूद काय भिती व्हय कुनाला? ठेवा!"

दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली. झुंबरबाईची मूद लाल. सरपंचाची लाल. बाबाची तर डाळिंबासारखी. एका दिवसात सगळं गाव पापी!

"कलियुग..." बाबा पुटपुटला.

"कलियुग नाही, जंतू!" स्नेहल म्हणाली. "तुमच्या तीर्थातलेच. लाल रंग कसा करायचा, ते त्यांच्या जनुकांत लिहिलेलं असतं. पण उबेला ती जनुकं बंद राहतात, जंतू बिनरंगाचेच वाढतात. गारवा मिळाला की जनुकं चालू, रंग सुरू. आत्याबाई, थंडीत तुम्ही विरजणाचं भांडं चुलीशी ठेवता ना? जंतूंना ऊब-गारवा कळतो. पाप-पुण्य नाही कळत."

झुंबरबाई बाबाकडं वळली. "म्हंजी माझ्या सुनंची मूद मुद्दाम गारव्याला ठिवलीस? मुडद्या!"

बाबा मागच्या दारानं पसार.

"चल गं घरी."

"आधी सगळ्यांसमोर सांगा, माझी चूक नव्हती."

झुंबरबाईनं सांगितलं. मोठ्यानं. अजिनाथ काहीतरी बोलायला गेला. "तू गप!" दोघी एकदम म्हणाल्या.

लोकहो, भात नासला तर फेकून द्या, पोरीचा संसार नको. आणि पुन्हा कुणी ताटात रक्त दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे ताट ठेवलं होतं कुठं, आणि ठेवलं कुणी?