भिंगाखालचा जावई

जावयाची नजर फोटोकाकांना पहिल्या दिवसापासून खटकली होती. माणूस उंच, हसतमुख, नोकरीला चांगला. पण कॅमेऱ्यासमोर उभा केला की डोळे लेन्सच्या जरा वर जायचे.

"सरळ मनाचा माणूस लेन्समध्ये बघतो," काका बायकोला म्हणाले. "अख्खा जन्म लोकांचे डोळे बघण्यात गेलाय माझा."

"अहो, परदेशी आहे तो. तुमचं बोलणं कळत नाही त्याला."

"इकडे बघ म्हणून बोट दाखवलं तर म्हशीलाही कळतं."

लेकीनेच पसंत केलेला मुलगा. लग्न नोंदणी कार्यालयात झालं, काकांनी हसत सही केली, पण मनात पाल चुकचुकत राहिली. काही दिवसांनी जावई आपल्या देशात कामावर परत गेला आणि लेकीने त्याच्याकडे राहायला जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला. लग्न खरं आहे हे पटवायला दोघांचे फोटो जोडायचे होते. ते सगळे काकांनीच काढलेले.

"बाबा, तेवढे छापून द्या," लेक म्हणाली.

काकांनी दिले. त्यांच्या स्टुडिओतून कच्चा फोटो कधी बाहेर गेला नव्हता. मिटलेले डोळे उघडायचे, सुटलेली ढेरी आत घ्यायची, मागची कळकट भिंत उजळायची. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. जावयाची नजर तेवढी एका फोटोत सरळ सापडली, खिडकीपाशी बसवून काढलेल्या. तेच डोळे काकांनी बाकीच्या फोटोंत बसवून टाकले. काम असं सफाईदार की त्याच्या सख्ख्या आईला ओळखू येऊ नये.

वकिलातीतल्या बाईंना ओळखू आलं.

मुलाखतीहून लेक आली ती तडक दुकानात.

"बाईंनी फोटो पत्त्यांसारखे मांडले," ती म्हणाली. "म्हणाल्या, नोंदणी ऑफिसात, बागेत, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे तुमच्या नवऱ्याच्या डोळ्यांत एकच खिडकी कशी चमकते? हा माणूस खरंच तिथे होता का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझे बाबा फोटोवाले आहेत. तर म्हणाल्या, मग त्यांना हे चांगलंच जमत असेल."

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"मूळ फोटो मागितलेत, जसेच्या तसे. नाही दिले तर अर्ज फेटाळणार." लेक काउंटरवर वाकली. "बाबा, मुद्दाम केलंत का?"

"अगं, हाताची सवय ती."

"सवय. आणि तो तुम्हाला आवडत नाही, हा योगायोग."

"चोर ठरवलंस की मला."

"मूळ फोटो आहेत ना?"

'पुसले गेले' एवढं म्हटलं असतं तर लेक घरात राहिली असती. शब्द काकांच्या जिभेच्या टोकावर आला. "बघतो," ते म्हणाले. लेक त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. ती नजर काकांचीच होती, तिला वारशात मिळालेली.

दुपारी शटर अर्धं ओढून काका कॉम्प्युटरसमोर बसले. मूळ फोटो होतेच, ते त्यांनी कधीच कुणाचे टाकले नव्हते. द्यायचे की नाही ते नंतर, आधी या पठ्ठ्याची लबाडी पकडायची. एकेक फोटो मोठा करून त्यांनी पडद्याला नाक लावलं. खिडकीपाशी काढलेला सोडला तर प्रत्येक फोटोत डोळे वर. वर कुठे? घड्याळाकडे? दाराकडे?

बायको चहा घेऊन आली आणि पाठीमागे उभी राहिली.

"बघ, बाकी एकातही नजर जागेवर नाही. कुणाची वाट बघतोय हा?"

"अहो, कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं?"

"मी. आणखी कोण असणार?"

"मग तो तुमच्या तोंडाकडे बघतोय. कपाळाला आठ्या घालून फोटो काढता तुम्ही. घाबरलाय बिचारा."

काकांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लेन्सच्या जरा वर. बरोबर त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

"घाबरतो म्हणजे काहीतरी लपवतो," ते हट्टाने म्हणाले.

"मीसुद्धा घाबरत होते. मी काय लपवलं?"

"ते तुलाच ठाऊक."

"चहा घ्या," बायको म्हणाली. "आणि पोरीला फोटो द्या."

संध्याकाळी काकांनी पेन ड्राइव्ह लेकीच्या हातात ठेवला. "छापून देऊ?"

"नको. समोरच्या स्टुडिओत छापते."

समोरचा स्टुडिओवाला म्हणजे काकांचा जन्माचा वैरी. ते उंबऱ्यापर्यंत आले, लेकीला रस्ता ओलांडून त्या दुकानात शिरताना पाहिलं, आणि हाक मारली नाही.

मिटलेले डोळे, सुटलेली ढेरी, कळकट भिंत आणि भेदरलेला नवरा पाहून बाईंची खात्री पटली. व्हिसा आला. जावई लेकीला न्यायला आला, तेव्हा निघताना विमानतळावर काकांनी पहिल्यांदाच कॅमेरा बायकोच्या हाती दिला आणि स्वतः लेकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

दुकानात परतल्यावर त्यांनी तो फोटो छापून भिंगाखाली धरला. लेक मध्ये, एकटीच सरळ लेन्समध्ये बघत होती. जावयाची नजर पुन्हा वाकडी, तिच्या डोक्यावरून काकांकडे. आणि काका डोळ्यांच्या कोपऱ्यातून जावयाकडे.

दोन जोड्या डोळे दुरुस्त करायला त्यांना घटकाही लागली नसती. त्यांनी फोटो तसाच चौकटीत बसवला.