पत्राची मागची बाजू

गुरुवारी सभागृहात नव्या कायद्यावर मतदान होते आणि सोमवारी सकाळीच मास्तरांच्या कार्यालयात वाद पेटला होता. मास्तर म्हणजे त्या भागाचे लोकप्रतिनिधी. राजकारणात येण्याआधी बावीस वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले, ते नाव तेव्हापासून चिकटले. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याच भाषणाने एक कायदा मंजूर झाला होता: खिशात चिमूटभर गांजा सापडला तरी तुरुंग, आणि नावावर गुन्हा तो कायमचा. आता त्यांच्याच जुन्या वळणाच्या पक्षातली निम्मी माणसे वेगळे बोलू लागली होती. विकणाऱ्याला सोडू नका, पण चिमूटभर बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. दंड करा, उपचार द्या, जुने गुन्हे पुसा.

"मास्तर, वारा बदललाय," पक्षाचा तरुण प्रवक्ता खुर्चीच्या हातावर टेकत म्हणाला.

"आधी नीट बस. ती खुर्ची आहे, कठडा नाही."

तो निमूटपणे नीट बसला. "लोकांची पाहणी केलीय आपण. शंभरातले साठ जण म्हणतात, कायदा सैल करा."

"पाच वर्षांपूर्वी माझ्याच व्यासपीठावर तू मुठी आपटत होतास. तेव्हा गांजा वाईट होता, आता बरा झाला?"

"वाईटच आहे हो. पण निवडणूक..."

"म्हणजे तुला काही पटलेलं नाही, फक्त परवडेनासं झालंय. जा, चहा पिऊन जा."

मास्तर ढोंगी नव्हते, हे आपण ध्यानात ठेवायला हवे. डोळे तारवटलेली, फळ्याकडे शून्य नजरेने पाहणारी मुले त्यांनी वर्गात पाहिली होती. त्यातली दोन पुन्हा सावरली नाहीत. त्या रागातूनच तो कायदा आला होता.

त्यांच्या कार्यालयाची एक शिस्त होती. रोज येणारी सगळी पत्रे चिटणीसबाई वाचत, प्रत्येकावर एका ओळीचा सारांश चिकटवत आणि मास्तर तेवढी ओळ वाचत. भाषणात कामी येईल असे पत्र असले की त्या दोन वाक्ये लाल शाईने अधोरेखित करून कागद जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून टाकत, म्हणजे सभागृहात हातात धरून दाखवता येई. अशा पुठ्ठ्यांत एक सगळ्यांत जुना होता. त्यावर वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिले होते, "साहेब, गांजापायी माझ्या मुलाच्या आयुष्याची माती झाली. तो एकोणीस वर्षांचा आहे. तुम्ही काहीतरी करा." अठरा वर्षांत मास्तरांनी तो पुठ्ठा किती वेळा उंचावला असेल, गणती नाही. गुरुवारीही तोच घेऊन ते उभे राहणार होते.

प्रवक्ता गेला आणि बाहेरच्या बाकावर बसलेली एक म्हातारी बाई आत आली. हातांची कातडी सोड्याने पांढरी पडलेली.

"मी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे," ती म्हणाली. "ते पुठ्ठ्यावरचं पत्र माझं."

मास्तर खुर्चीतून उठले. "बसा, ताई, बसा. तुमच्या त्या चार ओळींनी हा कायदा झाला."

"ठाऊक आहे. धुलाईघरात टीव्ही आहे आमच्या. दर वेळी तुम्ही वाचता, आणि दर वेळी अर्धंच वाचता."

"अर्धं?"

"पाठपोट लिहिलं होतं मी. घरात कागद एकच होता."

शेजारच्या टेबलावर बसलेल्या चिटणीसबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून पुठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि ओले फडके त्यावर पसरले. अर्धा तास त्या फडके पुन्हा पुन्हा भिजवत राहिल्या. मग कागद एका कोपऱ्यातून सुटू लागला. मागची शाई पसरली होती, पण अक्षर लागत होते. मास्तरांनी चष्मा लावला.

"त्याच्या खिशात एक पुडी सापडली," ते वाचू लागले. "मी त्याला खूप बोलले. त्याने सोडलाय, माझ्या गळ्याची शपथ. पण इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून निवड झाली होती, ती गेली. न्यायाधीश म्हणाले, दोन वर्षं नीट वागला तर गुन्हा पुसता येतो. साहेब, तेवढं लवकर करून द्या. आजाऱ्याजवळ बसायला त्याला फार आवडतं."

मास्तर थांबले. गुन्हा पुसण्याची ती सवलत त्यांच्या कायद्याने काढून टाकली होती. आणि ती काढताना हातात धरले होते हेच पत्र!

"मुलगा आता कुठे असतो?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही तो. जिथे कोणी कागद मागत नाही तिथेच काम मिळायचं त्याला. दगडाच्या खाणीत होता. गेल्या हिवाळ्यात दरड कोसळली."

चिटणीसबाई रडू लागल्या. "मी उलटून पाहिलं नाही. पहिली दोनच वाक्यं पाहिली आणि..."

"एक ओळ पुरे, असा नियम माझा होता," मास्तर म्हणाले. तरी मुरलेली सवय एकदम सुटत नाही. थोड्या वेळाने ते पुटपुटले, "पण ताई, त्याने गांजाला हातच लावला नसता तर..."

"नव्हताच लावायला हवा. ते मी त्याला तुमच्यापेक्षा कडक शब्दांत सांगितलं होतं. मास्तर, वर्गात मुलाचं गणित चुकलं तर काय करायचात?"

"पुन्हा सोडवायला लावायचो."

"पाटी काढून घेऊन जन्मभरासाठी बाहेर नाही ना उभं करायचात?"

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी मत मागायला आले नाही," ती उठत म्हणाली. "मतं तुमची तुम्ही बघा. फक्त गुरुवारी माझं पत्र वाचू नका. त्या बाजूने तर नकोच."

"दुसऱ्या बाजूने वाचलं तर चालेल?"

ती दाराशी वळली. "सगळं वाचणार असाल तर वाचा," म्हणाली आणि गेली. तिची दुपारची पाळी होती.

गुरुवारी मास्तर सभागृहात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठा नव्हता, एक सुरकुतलेला, डाग पडलेला कागद होता. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"गांजा तेव्हाही वाईट होता, आजही आहे," ते म्हणाले. "ते मत मी बदललेलं नाही. पण चूक आणि शिक्षा यांचं माप मी चुकवलं. ज्या आईने माझ्याकडे दया मागितली, तिच्याच शब्दांनी मी दया बंद केली."

"मास्तर, तुम्हीसुद्धा वाऱ्याबरोबर चाललात?" मागून कोणीतरी टोमणा मारला. दोघे तिघे हसले.

"नाही," मास्तर म्हणाले, "मी एक पत्र अठरा वर्षं उशिरा वाचलं."

मग हसू थांबले. मास्तरांनी नव्या कायद्यात एकच ओळ वाढवून मागितली: वारलेल्या माणसाचा गुन्हा पुसण्यासाठी त्याच्या आईबापांना अर्ज करता यावा. दुरुस्ती मंजूर झाली, कायदाही झाला. प्रवक्त्याने बाहेर येऊन छायाचित्र काढू म्हटले, तेव्हा मास्तर तिथून निघून गेले होते.

अर्जाचे पहिले कागद छापून आले त्या दिवशी ते स्वतः धुलाईघरात गेले. यंत्रांची घरघर चालू होती. चादरींच्या ढिगाजवळ उभी राहून तिने तो अर्ज पहिल्या शब्दापासून वाचला, उलटून पाहिला, पुन्हा पहिल्या बाजूला आली.

"याचा त्याला काय उपयोग आता?"

"काहीच नाही, ताई," मास्तर म्हणाले.

"पेन द्या," ती म्हणाली.

वाचकहो, व्यसन वाईटच आहे, आणि आपल्या मुलांना ते आपण बजावून सांगितलेच पाहिजे. पण चुकलेल्या मुलाला परत यायची वाट ठेवणे हेही आपलेच काम आहे. कायदा करणारे घाईत असतात, आणि आपण दोन वाक्ये ऐकून टाळ्या वाजवतो. कोणाच्या दुःखाचा दाखला देण्याआधी त्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मास्तरांना हे कळले, पण ज्याच्यासाठी कळायला हवे होते तो तोवर राहिला नव्हता. आपल्याला तरी ते वेळेवर कळो.