सात जणींचा एक नेलकटर

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही अंगठ्याएवढे आहात. हात नाहीत, पाय नाहीत. आहे तो फक्त एक पोलादी जबडा. कोणी पाठ दाबली की कचकन चावायचे. काय चावायचे, हे तुम्ही ठरवायचे नाही. जमले? मग आता माझे ऐका.

मी एक जुना नेलकटर आहे. मार खातच माझा जन्म झाला. पोलादाची पट्टी तापवली, ठोकली, वाकवली आणि घासून घासून तिला धार काढली. माझे मालक सुधाकरराव दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत, तेव्हा त्यांनी मला तिथल्याच बाजारातून घेतले. परदेशी वस्तूंचे तेव्हा नवे नवे कौतुक होते. "खरा इम्पोर्टेड आहे!" असे सांगत ते मला पाहुण्यांना दाखवायचे. घरात सगळ्यांना मिळून मी एकटाच. पुढे दिल्लीतच द्वारका भागातल्या सोसायटीत फ्लॅट झाला, मेट्रो आली. मीही किल्ल्यांच्या जुडग्यात लटकून नव्या घरी आलो.

त्यांची मुलगी मयुरा अकरा वर्षांची. शाळेच्या कबड्डी संघातली. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर एक चामखीळ उठली. साताऱ्याच्या आत्याने फोनवर उपाय सांगितला, "घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांध. आठ दिवसांत गळून पडते."

द्वारकेत घोडा कुठला? पण लग्नाचा हंगाम होता. रस्त्यात वरात थांबलेली पाहून सुधाकरराव घोडीच्या मागे गेले आणि त्यांनी शेपटीचा एक केस उपटला. घोडीने अशी लाथ झाडली की त्यांच्या खिशात मीसुद्धा वाकायचा राहिलो. घोडीवाला ओरडला, "ओ भाईसाब, बारात में आए हो या घोड़ी उखाड़ने?"

"मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर, आणि रस्त्यावर शेपट्या ओढतात!" मयुराची आई हेमलताबाई घरी त्यांच्या मांडीवर बर्फ लावताना म्हणाल्या.

केस बांधला. तिसऱ्या दिवशी बोट जांभळे पडले, मयुरा रडून लाल झाली. शेवटी तो केस मीच तोडला. चामखीळ जागेवरच राहिली, आणि महिन्या-दोन महिन्यांत शेजारी आणखी चार उगवल्या.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरताना हातात हात धरून साखळी करावी लागते. संघाची कप्तान पूनम दहिया हिने हात झटकला. "मेरा हाथ मत पकड़, मेंढकी!" मेंढकी म्हणजे बेडकी; बेडकाला हात लावला की चामखीळ येते, असे मुली मानत. मयुराने तिच्या नाकावर ठोसा मारला. रक्त आले. खेळाच्या मॅडमनी निकाल दिला, "हाथ साफ नहीं, तो शनिवार का मैच भी नहीं।"

शनिवारी सकाळी मयुराने किल्ल्यांतून मला काढले आणि न्हाणीघराची कडी लावली. तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला. मग माझा जबडा चामखिळीच्या बुडाशी लावून तिने डोळे मिटले आणि माझी पाठ दाबली.

मी चावलो. मित्रांनो, नखाला दुखत नाही, मांसाला दुखते. पाच वेळा ती टॉवेलमध्ये किंचाळली आणि पाच वेळा मी चावलो. पांढरे बेसिन लाल झाले. तिने बोटांवर पट्ट्या चिकटवल्या, मला फ्रॉकला पुसले आणि दप्तरात टाकले.

मैदानावर पंच नखे तपासतात, कारण वाढलेल्या नखांनी समोरच्याला ओरबाडले जाते. संघातल्या सगळ्यांचीच वाढलेली. "नेलकटर है किसी के पास?" पूनमने मयुराच्या दप्तरात हात घातला. "अरे, मेंढकी के पास है!"

मयुरा काही बोलली नाही. उरलेल्या सहाही जणींनी मलाच वापरून नखे कापली. एकीची कातडीही कापली गेली. माझ्या दातांत काय अडकले आहे, हे मला ओरडून सांगायचे होते.

सामना दांडगा झाला. गुडघे फुटले, एकीचे मनगट मुरगळले. शेवटच्या चढाईला आलेल्या मुलीला मयुराने घोट्याला धरून आडवी पाडली. पूनमने तिला मिठी मारली. "आज से मेंढकी नहीं, शेरनी!" त्या दिवसापासून ती मयुराचा हात सोडायलाच तयार नसे.

दोन-अडीच महिन्यांनी मयुराच्या प्रत्येक जुन्या जखमेभोवती नव्या चामखिळींचे कडे उगवले. तेव्हा कुठे तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले.

"बेडकानं होत नाही, घोड्यानं जात नाही," डॉक्टर गिरिजा म्हणाल्या. "हा विषाणू आहे, ह्यूमन पॅपिलोमा. कातडीच्या बारीकशा चिरेतून आत शिरतो. कापलं की आणखी पसरतो." त्यांनी चामखिळींवर अतिशय थंड वायूचा फवारा मारला. रोज लावायचे औषध दिले. तीन-चार वेळा यावे लागेल, म्हणाल्या. "पुष्कळदा तर वर्ष-दोन वर्षांत आपोआपही जातात. धीर हवा."

मग त्या हेमलताबाईंकडे वळल्या. "याच विषाणूच्या शंभरावर जाती आहेत. हातावरच्या वेगळ्या. काही जाती मोठेपणी बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर करतात. त्यांच्यासाठी आता लस आली आहे, मयुराच्या वयातच द्यावी. हातावरच्या चामखिळींवर ती नाही. आणि तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या. कधी केलीये?"

"कधीच नाही," हेमलताबाई हळूच म्हणाल्या.

कशाने कापले, हे विचारल्यावर मयुराने मला दप्तरातून काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी मला चिमट्याने उचलले. "हा आणखी कोणी वापरला?"

"आम्ही घरचे तिघंच," सुधाकरराव म्हणाले.

मयुरा जमिनीकडे पाहत होती.

"हा फेकून द्या. प्रत्येकाचा वेगळा घ्या. विषाणू शिरल्यावर चामखीळ दिसायला कित्येक महिने लागू शकतात. कुणाकडून आली, कळतसुद्धा नाही."

कळतसुद्धा नाही! मयुराने मान वर केली. गप्प राहिले तर संघ राहणार होता, पूनमही राहणार होती.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपला नेलकटर, टॉवेल, वस्तरा आपल्यापुरताच ठेवा. अंगावर काही उगवले तर त्याला चावायला आमच्यासारख्यांना लावू नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्याला ते झाले असेल, त्याला बेडूक म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी मयुराने मला पिशवीत गुंडाळून मैदानावर नेले. पूनमने हात पुढे केला. मयुराने तो धरला नाही.

"पूनम, रुक. उस दिन सुबह मैंने इसी से मस्से काटे थे। फिर तुम सबने नाखून काटे। मैं चुप रही। अपनी उँगलियाँ देखती रहना। कुछ निकले तो काटना मत, डॉक्टर को दिखाना।"

पूनमने खाडकन तिच्या कानाखाली मारली.

मयुराच्या मुठी वळल्या, आणि सुटल्या. तिने हात उचलला नाही. गालावर पाच बोटे घेऊन ती पूनमच्या शेजारच्या मुलीसमोर गेली आणि सगळे पहिल्यापासून सांगू लागली.