नेत

"नेत, नेत!" लिदाबाईने मान हलवली, गयाबाईचा हात हलकेच बाजूला केला आणि पांढऱ्या कपाटाचं दार लावून टाकलं.

गयाबाईला रशियन बोली येत नव्हती. पण आठ महिने या घरची भांडी घासून जे चार शब्द तिच्या कानात बसले होते, त्यांत हा पहिला. 'दा' म्हणजे हो, 'नेत' म्हणजे नाही. भिलाईच्या रशियन कॉलनीत झाडूपोछा करणाऱ्या प्रत्येक बाईला एवढं येतच होतं. पोटाशी गाठ असलेले शब्द शिकायला शाळा लागत नाही.

लिदाबाई वाईट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा तिच्यावर राग काढून मोकळा होईल, आणि हा राग इतका स्वस्तात सुटू नये. पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या कामावर आलेल्या एका इंजिनियरची ती बायको. नाव लांबलचक, त्यातलं 'लिदा' तेवढं गयाबाईने ठेवून घेतलं आणि आपल्या रिवाजाने पुढे बाई जोडली. हिवाळ्यात तिने गयाबाईच्या मथुरेसाठी लाल फ्रॉक दिला होता. चार वर्षांची मथुरा तो घालून मजुरांच्या कॅम्पभर मिरवली होती.

तीच मथुरा आज चार दिवस तापाने फणफणत होती.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने पुड्या दिल्या आणि सांगितलं होतं, "ताप डोक्यात चढू देऊ नको. बर्फ ठेव कपाळावर, बर्फ." बर्फ! १९६० सालचा मे महिना, कॅम्प-एकमधली पत्र्याची खोली, आणि नळावर पहाटे अर्धा तास पाणी. तेही इतकं कोमट की अंगावर घेतलं तर ताप आपलाच वाटावा. गयाबाईचा नवरा केवलराम काल ड्युटी सुटल्यावर सुपेल्याच्या बाजारात जाऊन आला होता. बर्फवाल्याच्या गाडीवर नुसता ओला भुसा होता. "सगळा बर्फ मंडपात गेला भाऊ," बर्फवाला म्हणाला, "कोनी पाहुने आले हायत, त्याईच्या सरबताले." केवलरामने मूठभर ओला भुसाच मागून आणला होता. तो मथुरेच्या कपाळावर ठेवला, तर घटकाभरात सुकून उडून गेला.

आणि इथे, या ओट्यापासून चार पावलांवर, बर्फ रोज आपोआप तयार होत होता. गयाबाई त्या कपाटाला मनातल्या मनात 'हिवाळ्याचं कपाट' म्हणायची. बाहेर वैशाख कितीही पेटो, आत लोण्यावर सुद्धा दव धरलेलं. वरच्या कप्प्यात दोन पत्र्याच्या ट्रे होत्या, पाण्याने भरून ठेवल्या की बर्फाच्या चौकोनी वड्या देणाऱ्या.

सकाळी दहाला, बाई कपाट उघडून उभी असताना, गयाबाईने हिंमत केली. ट्रेकडे बोट दाखवलं. मग गुडघ्याच्या उंचीवर हात धरून लेकरू दाखवलं. तापाला रशियनमध्ये काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून मागण्याची जी खूण आपल्याकडे देवळाच्या पायरीपासून ठेकेदाराच्या दारापर्यंत चालते, ती तिने केली. पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. द्या, बाई.

लिदाबाईने डोळे मोठे केले. स्वतःच्या गळ्याला हात लावून खो खो खोकून दाखवलं. "नेत, नेत!"

गयाबाईला वाटलं, बाई म्हणते आहे, तुझ्या पोरीचा रोग आमच्या घरात आणू नको.

ती निमूट ओट्याकडे वळली. दुसरी असती तर हटून बसली असती, रडली असती. पण गयाबाई भंडाऱ्याकडच्या अशा घरात वाढली होती, जिथे मालकाने एकदा नाही म्हटलं की पुन्हा मागणं म्हणजे हलकटपणा. तिने भांडी घासली, फरशी पुसली, चादरी धुतल्या. दुपारी साहेब जेवायला आले. बाईने दोन पेल्यांत बर्फाच्या वड्या टाकल्या. पेले धुवायला आले तेव्हा एकाच्या तळाशी चिंचोक्याएवढा तुकडा उरला होता. गयाबाईने तो पदराच्या टोकात बांधला. गाठ मारून होईस्तोवर तिथे ओला डाग तेवढा राहिला.

चार वाजता लिदाबाई आपल्या मुलाला घेऊन क्लबात गेली. दाराचा आवाज विरला आणि गयाबाईने कपाट उघडलं.

वड्या सुटेनात. ट्रेला मधोमध एक दांडी होती, ती कशी ओढायची तिला कळेना. बोटं थंड पत्र्याला चिकटत होती. शेवटी तिने अख्खी ट्रेच पोत्याच्या फडक्यात गुंडाळली, वरून आपल्या दुसऱ्या लुगड्याचा धडपा लपेटला आणि छातीशी धरून मागच्या दाराने ती निघाली.

चोरी आयुष्यात पहिलीच. पण भीती वाटायला सवड कुठे होती?

रस्ता वितळत होता. चपलेला डांबर चिकटत होतं. ती धावली, दमली, पुन्हा धावली. लेकराला घ्यावं तसं गाठोडं तिने या काखेतून त्या काखेत घेतलं. रेल्वेच्या फाटकापर्यंत ती पोचली तेव्हा आतल्या वड्या अजून खडखड वाजत होत्या. तो आवाज ऐकून तिला देव आठवला.

फाटक बंद होतं. मालगाडी आडवी उभी होती.

कारखान्याची मशिनं घेऊन आलेली गाडी. डब्याडब्यावर लाकडी पेट्या, त्यांवर परक्या लिपीतली काळी अक्षरं. सात समुद्र ओलांडून आलेली ती लोखंडं किती निगुतीने बांधली होती! मेणकापड, गवत, लाकडाचा भुसा. धक्का लागू नये, पाणी लागू नये, ऊन लागू नये. तिच्या पोरीचं डोकं निववायला या गावात एवढीशी जागा नव्हती, आणि लोखंडाला घाम येऊ नये म्हणून कुणीतरी दूरदेशी रात्रंदिवस राबलं होतं.

"भाऊ, कवा जाईन बा गाडी?" तिने फाटकवाल्याला विचारलं.

"शिंगल भेटन तवा."

गाठोड्यातून पाणी गळायला लागलं. आधी थेंब, मग कोपरावरून धार. गयाबाईने ते ओंजळीत धरायचा प्रयत्न केला. ओंजळ धरली तर गाठोडं सुटे, गाठोडं धरलं तर ओंजळ. खडखड थांबली होती. पाय जळत होते, गाडी हलत नव्हती. पाव तास गेला असेल, की अर्धा.

"अवो बाई! मरतं का?" फाटकवाला ओरडला तोवर ती दोन डब्यांच्या मध्ये, जोडाखालून रांगत गेली होती. पाठ खरचटली. ट्रे तिने कलू दिली नाही.

खोलीत शेजारची कमला मथुरेजवळ बसून वारा घालत होती. गयाबाईने फडकं सोडलं. चौदा खणांपैकी तीन खणांत बर्फाच्या पातळ चकत्या पोहत होत्या. बाकी पाणी.

त्या चकत्या तिने पोरीच्या कपाळावर ठेवल्या. मथुरेने डोळे उघडले. दुपारपासून प्रथमच.

"माय," ती म्हणाली, "हिव वाजते."

"वाजू दे माय, वाजू दे," गयाबाई हसत होती आणि रडत होती. "चांगलं हाय ते."

ट्रेतलं पाणी तिने फडक्याने टिपून टिपून वापरलं. दिवेलागणीपर्यंत ते पाणीही खोलीएवढंच तापलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा व्हायच्या आधी मथुरा गेली. केवलरामने तिला लाल फ्रॉक घालून नेलं.

चौथ्या दिवशी गयाबाईने ती ट्रे राखेने घासून लख्ख केली आणि परत द्यायला निघाली. पण तोवर कॉलनीच्या केअरटेकरने घरातल्या सामानाची यादी मोजली होती. ट्रे दोन, हजर एक. त्याने चोरीचा कागद वर धाडला होता, आणि गयाबाईला दारातूनच ऑफिसात नेण्यात आलं.

ऑफिसात श्यामराव होते. वर्ध्याकडचे हेडक्लार्क, भला माणूस. समोर लिदाबाई बसली होती, शेजारी तरुण दुभाष्या. श्यामरावांना मथुरेचं सकाळीच कळलं होतं. त्यांनी गयाबाईला बसायला स्टूल दिला. असा स्टूल त्या ऑफिसात कामवाल्या बाईला मिळाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुभाष्याने लिदाबाईला सगळं समजावलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला. ती भरभर बोलत सुटली.

"बाई म्हणतात," दुभाष्या हिंदीत म्हणाला, "त्यांना वाटलं, तुला लेकराला बर्फ खायला द्यायचा आहे. त्यांच्या देशात म्हणतात, बर्फ खाल्ला की गळा धरतो. तुझ्या पोरीच्या भल्यासाठी त्या नाही म्हणाल्या. ताप आहे हे कळलं असतं तर सगळा बर्फ दिला असता. गाडीसुद्धा दिली असती."

गयाबाई ऐकत राहिली. गाडी. तिला फाटकाजवळचा तो वेळ आठवला.

श्यामराव पुढे वाकले आणि आपल्या गावाकडच्या बोलीत हळू आवाजात म्हणाले, "हे पाय गयाबाई. कागद चोरीचा आहे, पन त्याले तोड आहे. बाई म्हनली 'नेत'. आता आपल्याकडे 'ने त' म्हंजे काय? घेऊन जाय! तू तेच ऐकलं. तुले वाटलं बाई ने म्हनते, म्हनून तू नेलं. समजलं? मी लिहूनच ठेवलं आहे. आंगठा लाव, तुही नौकरी कायम."

इथली बोली ओळखीची झालेल्या दुभाष्याला ती गंमत कळली. न राहवून तो हसला. त्याने लिदाबाईला सांगितलं. तीही ओल्या डोळ्यांनी सुटल्यासारखी हसली आणि मान डोलावू लागली. "दा, दा!" नुसता शब्दांचा घोटाळा. कुणाचंच चुकलं नव्हतं.

श्यामरावांनी शाईची गादी पुढे सरकवली. गयाबाईने अंगठा टेकवला नाही.

"काय लिवलं त्याच्यात, साहेब? मी 'ने' ऐकलं असं?"

"हो."

"मंग खोडा ते."

"अवं, कावून? नौकरी जाईन तुही. केवलराम ठेकेदारीत, कवा काम सुटन नेम नाई. खाशीन काय?"

"मले नेतचा अर्थ समजते, साहेब. आठ महिन्यांपासून समजते." तिचा आवाज चढला नाही. "ने म्हनली असती तं मी तवाच धावत सुटली असती. दहा वाजता. दहा वाजता गाडी नोती फाटकावर. पोरगी बोलत होती माही. चार वाजेपर्यंत मी भांडे कावून घासत बसली असती?"

लिदाबाईने दुभाष्याचा हात धरून विचारलं, काय म्हणाली ती? दुभाष्या टेबलाकडे पाहत राहिला.

"मी 'नाई' ऐकलं," गयाबाई म्हणाली, "अन् मी थांबली. तेच लिवा. मंग नेलं, तेही लिवा."

श्यामरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. लिहायला त्यांना फार वेळ लागला. गयाबाईने अंगठा लावला, लख्ख घासलेली ट्रे टेबलावर कागदाशेजारी ठेवली आणि शाईचं बोट पदराला पुसत ती बाहेर पडली.

कॅम्पाकडे जायच्या रस्त्यावर ऊन तेच होतं. फाटक आज उघडं होतं. गाडी नव्हती, दोन्ही बाजूंनी सायकली, बैलगाड्या, डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया बिनदिक्कत येत-जात होत्या. फाटकवाल्याने तिला ओळखलं.

"जाय ना बाई," तो म्हणाला, "उघडंच आहे."

गयाबाई तिथेच थांबून राहिली, दोन्ही हात छातीशी धरून.